एपिलेप्सी प्रोटोकॉलचा एमआरआय आणि जनुकचाचणी: वाटेत थांबलेल्या पेशी शोधणाऱ्या दोन सेवांचं परीक्षण

‘एमआरआय ब्रेन, प्लेन.’ बाळाला फीट येतात, मान धरायला उशीर झालाय, अशा वेळी चिठ्ठीवर बहुतेकदा एवढंच लिहिलेलं असतं. सेंटरवर स्कॅन पंधरा-वीस मिनिटांत उरकतो, संध्याकाळी फिल्म हातात पडते आणि रिपोर्टच्या तळाशी ओळ असते: ‘लक्षणीय दोष आढळला नाही.’ ती ओळ खरी असू शकते. पण त्या स्कॅनला जे दिसणं शक्यच नव्हतं, त्याचाही निकाल ती देऊन टाकते, आणि घोळ तिथेच होतो.

म्हणून परीक्षण दोन सेवांचं, पण एकाच कामापुरतं. मेंदू घडताना चेतापेशी आपल्या जागी पोचल्या नसतील, तर एमआरआय आणि जनुकचाचणी यांपैकी कोण काय दाखवतं, किती दाखवतं आणि कुठे फसवतं? मत आधीच सांगून टाकतो. नीट मागवलेला एमआरआय पैसे वसूल आहे. चुकीचा मागवलेला फुकटात मिळाला तरी महाग पडतो, कारण ‘नॉर्मल’चा शिक्का फाइलमध्ये वर्षानुवर्षं बसून राहतो आणि पुढचा प्रत्येक डॉक्टर तो वाचून पान उलटतो. जनुकचाचणी चांगलीच आहे, पण तिला काय विचारायचं हे स्कॅन ठरवतो. क्रम उलटला की पैसा पाण्यात.

नेमकं काय शोधायचं आहे ते आधी पाहू, नाहीतर स्कॅनचे आकडे डोक्यावरून जातील. मेंदूच्या वरच्या करड्या थरातल्या पेशी तिथे जन्मत नाहीत. त्या जन्मतात खोल आत, व्हेंट्रिकल म्हणजे पाण्याच्या पोकळ्यांच्या भिंतीशी. तिथून वरपर्यंत रेडियल ग्लिया नावाच्या पेशींचे लांब धागे ताणलेले असतात आणि नव्या चेतापेशी त्या धाग्यांना धरून वर चढतात. चेताशास्त्रज्ञ पास्को राकिक यांनी १९७२ साली माकडाच्या गर्भात हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. माणसात ही चढण गर्भाच्या १२व्या ते २०व्या आठवड्यात सर्वांत जोरात असते. गंमत म्हणजे मजले खालून वर भरत जातात. आधी आलेली बिऱ्हाडं खालच्या मजल्यावर राहतात आणि उशिरा आलेला भाडेकरू भरलेल्या सगळ्या मजल्यांवरून जिना चढून सर्वांत वर खोली घेतो. शेवटी सहा थर तयार होतात.

चढण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. पेशी आधी पुढे एक लांब शेंडा टाकते, मग केंद्रक त्या दिशेने ओढून घेते, मग पुन्हा शेंडा. केंद्रक ओढणाऱ्या डायनिन या मोटर प्रथिनाला लिस-१ हे प्रथिन लागतं. ज्या सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून ही ओढाओढ चालते त्यांना डबलकॉर्टिन धरून ठेवतं. पोकळीच्या भिंतीपासून सुटून प्रवास सुरू करायला फिलामिन-ए लागतं. आणि वर पोचल्यावर कुठे थांबायचं याची खूण सर्वांत वरच्या पेशी रीलिन नावाचं प्रथिन सोडून देतात. एडिनबरामध्ये १९५१ साली जनुकशास्त्रज्ञ डग्लस फाल्कनर यांनी झोकांड्या खाणारे उंदीर नोंदवले होते. त्यांच्यात हेच प्रथिन नव्हतं, पण त्याचं जनुक हाती लागायला १९९५ उजाडलं.

आता स्कॅनकडे वळण्याआधीची कळीची गोष्ट. बिघाड कुठल्या टप्प्यावर झाला यावर चित्र ठरतं. पेशी निघाल्याच नाहीत, तर पोकळीच्या कडेने करड्या गाठींची माळ दिसते. अर्ध्या वाटेत थांबल्या, तर खऱ्या थराखाली पांढऱ्या भागात आणखी एक करडा पट्टा दिसतो. त्यालाच दुहेरी कॉर्टेक्स म्हणतात. कशाबशा वर पोचल्या पण सहा थर लागलेच नाहीत, तर घड्या पडत नाहीत, मेंदू गुळगुळीत राहतो आणि करडा थर एरवीच्या २ ते ४ मिलिमीटरऐवजी १० ते २० मिलिमीटर जाड होतो, हा लिसेनसेफली. आणि वरच्या आवरणाला भोकं असल्यामुळे पेशी हद्द ओलांडून बाहेर गेल्या, तर पृष्ठभाग दगडगोट्यांच्या फरसबंदीसारखा खडबडीत होतो.

एक गट मात्र कुठल्याच स्कॅनला दिसत नाही. मेंदूच्या हालचालींना ब्रेक लावणाऱ्या, गाबा नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी वेगळ्या ठिकाणी जन्मतात आणि उभ्या चढण्याऐवजी आडव्या सरकत येतात. त्या कमी पोचल्या तर ब्रेक कमी, म्हणून फीट जास्त, आणि एमआरआय मात्र साफ. चांगल्यातला चांगला एमआरआयही इथे हात टेकतो, हे घेणाऱ्याला माहीत असावं.

आता स्कॅन. आंतरराष्ट्रीय एपिलेप्सी संघटनेने, म्हणजे आयएलएईने, २०१९ साली हार्नेस नावाचा प्रोटोकॉल सुचवला. त्यात तीनच मालिका, म्हणजे एकाच मेंदूची वेगवेगळ्या पद्धतीने काढलेली चित्रं, आहेत. पहिली टी-१ थ्रीडी, १ बाय १ बाय १ मिलिमीटरची, दोन कापांमध्ये अंतर न ठेवता. दुसरी फ्लेअर थ्रीडी, तीही १ मिलिमीटरची. तिसरी टी-२ कोरोनल (समोरून पाहिल्यासारखे काप), हिप्पोकॅम्पस या स्मृतीच्या भागाच्या लांबीला काटकोनात, कापाच्या प्रतलात ०.४ मिलिमीटर आणि जाडी २ मिलिमीटर. तिन्ही मिळून यंत्रावर अर्ध्या तासाच्या आत होतात. ३ टेस्लाचं यंत्र (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) असेल तर उत्तम, पण १.५ टेस्लावरही हा प्रोटोकॉल चालवता येतो. ‘आमच्याकडे ३ टेस्ला आहे’ ही पाटी पाहून भुलू नये. ३ टेस्लावर ५ मिलिमीटरचे काप काढले, तर १.५ टेस्लावरच्या १ मिलिमीटरपेक्षा ते निकृष्टच.

का, ते हिशेबाने पाहा. नेहमीच्या प्लेन एमआरआयमध्ये काप साधारण ५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि दोन कापांत मिलिमीटरभर जागा सोडलेली असते. पोकळीच्या कडेची गाठ ३ मिलिमीटरची असेल, तर एकाच कापात तिचा करडा रंग शेजारच्या पांढऱ्याशी आणि पाण्याशी मिसळून जातो. वाचणाऱ्याला फार तर कडा जराशी उंचसखल वाटते. पातळ पट्ट्याचंही तेच. १ मिलिमीटरच्या थ्रीडी मालिकेत तोच भाग तिन्ही दिशांनी फिरवून बघता येतो आणि गाठ तिन्ही कोनांत गाठच दिसते.

या गाठी ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक मालिकेत त्यांचा रंग वरच्या करड्या थराइतकाच असतो, ना जास्त उजळ ना जास्त गडद, आणि कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिलं तरी त्या चमकत नाहीत. ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराच्या गाठीही याच कडेला असतात, पण त्यांचा रंग करड्या थराशी जुळत नाही आणि त्यांत पुढे कॅल्शियम साठतं. म्हणजे फक्त पेशींच्या स्थलांतराचा दोष शोधायचा असेल, तर कॉन्ट्रास्टची गरज नाही. बिलात तो लावला असेल तर कारण विचारावं. संसर्ग किंवा ट्यूमरची शंका असेल तर गोष्ट वेगळी.

सगळ्यात जास्त घोटाळा वयामुळे होतो. बाळाच्या मेंदूतला पांढरा भाग जन्मतः पांढरा नसतो; चेतातंतूंवर मायलिनचं आवरण हळूहळू चढतं. साधारण सहा महिने ते दीड वर्ष या काळात करडा आणि पांढरा भाग एकमेकांत इतके मिसळलेले दिसतात, की पट्टा किंवा छोटी गाठ चक्क लपते. सहा महिन्यांच्या आत बारीक कापांचा टी-२ बऱ्यापैकी साथ देतो. दोन वर्षांखाली फ्लेअरचा फारसा उपयोग नाही. म्हणून आठव्या महिन्यात काढलेला स्कॅन ‘नॉर्मल’ आला आणि फीट थांबत नाहीत, तर दोन-अडीच वर्षांनंतर तो पुन्हा काढायचाच. ही पुनरावृत्ती सेंटरची चूक झाकण्यासाठी नसते. मेंदू तेव्हाच वाचण्याजोगा होतो.

मात्र एक गोष्ट थांबवू नये. बाळ झोपेतून उठताना पुन्हा पुन्हा वाकतंय, हात पसरून दचकल्यासारखं करतंय, असे इन्फन्टाइल स्पाझम सुरू असतील, तर एमआरआयच्या तारखेची वाट पाहत बसू नये. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद, ताबडतोब हवा. एसीटीएच, स्टेरॉइड किंवा व्हिगाबॅट्रिन यांपैकी औषध सुरू करण्यात दिवस गेले, की त्याची किंमत मुलाच्या विकासात मोजावी लागते. लिसेनसेफलीच्या बाळांत हे झटके बऱ्याचदा दिसतात.

भुलेची बाजू. स्कॅनमध्ये मूल हललं तर थ्रीडी मालिका संपूर्ण वाया जाते. सुट्या कापांसारखा एखादा काप टाकून देता येत नाही. तीनेक महिन्यांपर्यंतच्या बाळाला पोटभर दूध पाजून, घट्ट गुंडाळून, झोपेत स्कॅन होतो. त्याहून मोठ्याला भूल. उपाशी ठेवण्याचा नेम असा: जेवण किंवा डब्याचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. काही ठिकाणी ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असं सरसकट सांगतात. फीट येणाऱ्या मुलासाठी हे वाईट, कारण साखर उतरते आणि सकाळचं औषधही चुकतं. फीटचं औषध घोटभर पाण्याबरोबर ठरल्या वेळी द्यायचं का, हे भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशीच विचारून घ्यावं. उत्तर बहुधा ‘द्या’ असंच येतं. आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: करदोटा, वाळे, मनगट्या, ताईत घरीच काढावेत. भूल दिल्यावर करदोट्याची गाठ सोडवत बसलं की मिनिटं जातात आणि मूल जागं व्हायला लागतं.

यंत्र झालं, आता वाचणारा. आमच्या मते सेवेचा अर्ध्याहून जास्त दर्जा इथे ठरतो, आणि त्याची किल्ली चिठ्ठीत आहे. ‘फीट, कारण?’ एवढं लिहिलं तर रेडिओलॉजिस्ट सगळीकडे सारखंच बघतो. ‘वय तीन, फीट उजव्या हातापासून सुरू होतात, ईईजीत डावीकडे पुढे दोष, स्थलांतराचा दोष किंवा डिस्प्लेजिया आहे का पाहा, एपिलेप्सी प्रोटोकॉल’ (डिस्प्लेजिया म्हणजे करड्या थराची बिघडलेली घडण) एवढं लिहिलं तर तो नेमक्या जागी थांबतो. हे चार शब्द जास्त लिहायला डॉक्टरांना अर्धं मिनिट लागतं. पालकांनी ते मागायला संकोचू नये.

चांगला रिपोर्ट कसा ओळखायचा? त्यात करड्या थराची जाडी मिलिमीटरमध्ये असते. दोष मेंदूच्या पुढच्या भागात जास्त आहे की मागच्या, हे लिहिलेलं असतं. दोन्ही गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम, लहान मेंदू, ब्रेनस्टेम आणि बेसल गँग्लिया (मेंदूच्या खोल भागातले करडे पुंजके) यांची स्वतंत्र नोंद असते. पट्टा असेल तर तो किती जाड, आणि तो व खरा थर यांच्यात पांढरी रेघ शिल्लक आहे का, हेही. या तपशिलांवरच पुढचं जनुक ठरतं. लिस-१ मधला दोष मागच्या भागात जास्त दिसतो, डबलकॉर्टिनमधला पुढच्या भागात. बेसल गँग्लिया वाकडेतिकडे असतील तर ट्युब्युलिनच्या जनुकांवर बोट जातं. लहान मेंदू फारच लहान असेल तर रीलिनवर. ‘स्थलांतराचा विकार, क्लिनिकलशी पडताळून पाहावे’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट म्हणजे अर्धवट माल.

नेहमीच्या चुका तीन. पहिली, पॅकीगायरिया (मोजक्याच, जाड घड्या) आणि पॉलिमायक्रोगायरिया (खूप, बारीक घड्या) यांची अदलाबदल. जाड कापांत बारीक बारीक घड्यांचा गठ्ठा एकच जाड थर असल्यासारखा दिसतो. १ मिलिमीटरच्या मालिकेत करड्या-पांढऱ्याची सीमा दातेरी दिसली तर तो पॉलिमायक्रोगायरिया, गुळगुळीत असेल तर पॅकीगायरिया. हा फरक किरकोळ नाही, कारण पॉलिमायक्रोगायरियामागे गर्भातला सीएमव्ही या विषाणूचा संसर्गही असू शकतो. तो सिद्ध करायला जन्मापासून २१ दिवसांच्या आतली लघवी किंवा लाळ लागते, किंवा जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्ताचा कागदावर सुकवलेला थेंब. आठव्या महिन्यात सीएमव्हीची आयजीजी ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणजे काहीही सिद्ध होत नाही.

दुसरी चूक: मेंदूला चीर दिसली की सरळ ‘जुनी इजा’ लिहून मोकळं होणं. चिरेच्या दोन्ही कडा करड्या थराने मढवलेल्या असतील तर ती स्किझेनसेफली, घडतानाचा दोष. पांढऱ्या भागाच्या असतील तर नंतरची इजा. तिसरी चूक सर्वांत दुखरी: ‘जन्मताना उशिरा रडलं’ एवढ्या माहितीवर ऑक्सिजन कमी पडल्याचं निदान. गुळगुळीत मेंदूची बाळं जन्मतः ढिली असतात, म्हणूनही ती नीट रडत नाहीत. कारण आणि परिणाम उलटे लावले जातात, सगळा दोष बाळंतपणाच्या खोलीवर येतो आणि पुढच्या बाळाच्या वेळी काय तपासायचं हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

एक तांत्रिक तक्रार. रिपोर्टांमध्ये फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजियालाही सर्रास ‘स्थलांतराचा विकार’ म्हणतात. जेम्स बार्कोविच आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या वर्गीकरणात तीन कप्पे आहेत: पेशी वाढण्याचा दोष, पेशी जाण्याचा दोष, आणि पोचल्यावर मांडणीचा दोष. दुसऱ्या प्रकारचा डिस्प्लेजिया पहिल्या कप्प्यात येतो, पॉलिमायक्रोगायरिया तिसऱ्यात. शब्दाचा कीस म्हणून सोडून द्यावं असं वाटेल, पण डिस्प्लेजियाचा तेवढा तुकडा शस्त्रक्रियेने काढून फीट थांबवता येतात. दोन्ही बाजूंच्या पट्ट्याचं तसं होत नाही. एकाच नावाखाली दोन्ही घातले की शस्त्रक्रियेला योग्य असलेलं मूल मागे राहतं. औषधाला न जुमानणाऱ्या फीटसाठी मुंबईचं केईएम किंवा तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा तिरुनल यांसारख्या ठिकाणी एपिलेप्सी शस्त्रक्रियेचे वेगळे विभाग आहेत. तिथे जाताना फिल्म नव्हे, डायकॉम, म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल फाइल असलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह न्यावा. फिल्मवर छापलेली थ्रीडी मालिका म्हणजे फोटो काढलेला नकाशा. तो फिरवता येत नाही.

आता दुसरी सेवा, जनुकचाचणी. इथे दुकानात चार जिन्नस असतात: फिश किंवा मायक्रोअरे (गुणसूत्रांचे गळालेले तुकडे शोधणाऱ्या चाचण्या), ठरावीक जनुकांचं पॅनेल, एक्झोम (सगळ्या जनुकांचा फक्त प्रथिनं घडवणारा भाग वाचणं) आणि पूर्ण जीनोम. महाग तेच चांगलं, असं मुळीच नाही. गुळगुळीत मेंदू, उंच कपाळ, आखूड वर वळलेलं नाक असं मूल असेल तर मिलर-डीकर सिंड्रोमचा संशय येतो. त्यात १७व्या गुणसूत्राच्या टोकाचा तुकडाच गळालेला असतो, लिस-१ आणि शेजारची जनुकं मिळून. यासाठी मायक्रोअरे आधी करावा. आणि त्यावरही थांबू नये. सुमारे २० टक्के घरांत आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, तोल सांभाळून, म्हणून त्यांना स्वतःला काही होत नाही. ती अदलाबदल मायक्रोअरेला दिसत नाही आणि एक्झोमलाही नाही. त्यासाठी आईवडिलांचं कॅरिओटाइप (सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहणं) किंवा फिश लागतं. महागड्या पॅकेजमध्ये ही स्वस्त तपासणी बहुतेक वेळा नसतेच.

लिसेनसेफली स्पष्ट असेल तर जनुकचाचणीचं यश खरंच चांगलं आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ८११ रुग्णांमध्ये १७ जनुकं तपासली, तेव्हा ८१ टक्क्यांमध्ये कारण सापडलं; त्यात लिस-१ चा वाटा ४० टक्के, डबलकॉर्टिनचा २३ टक्के आणि ट्युब्युलिन ए-१ए चा ५ टक्के. वैद्यकीय चाचण्यांमध्ये एवढं यश क्वचित मिळतं. पण पॅनेल घेताना एक विचारावं: यात जनुकाचे गळालेले तुकडे मोजतात का? लिस-१ आणि डबलकॉर्टिनमध्ये कधीकधी एखादा तुकडा संपूर्ण गळालेला असतो. फक्त अक्षरं वाचणारी चाचणी तो चुकवते. त्यासाठी एमएलपीए, म्हणजे तुकड्यांच्या प्रती मोजणारी चाचणी, लागते.

दुहेरी कॉर्टेक्स आणि गाठी यांची गोष्ट वेगळी. डबलकॉर्टिनचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलग्याकडे एकच एक्स, तो सदोष निघाला की सगळ्याच पेशी अडखळतात आणि मेंदू गुळगुळीत होतो. मुलीकडे दोन. प्रत्येक पेशी त्यातला एक बंद ठेवते. चांगला एक्स चालू असलेल्या पेशी वर पोचतात, सदोष चालू असलेल्या वाटेत थांबतात, म्हणून वर एक थर आणि खाली एक पट्टा. म्हणूनच गुळगुळीत मेंदूच्या मुलग्याच्या आईचाही एमआरआय काढायला सांगतात. तिच्यात पुसटसा पट्टा असू शकतो आणि तिला आयुष्यभर कधी फीट आलेलीही नसेल. आईला तपासायचं म्हणजे आईला दोष द्यायचा नव्हे, ही गोष्ट सल्लागाराने सासरच्या मंडळींसमोर स्पष्ट बोलून टाकावी. न बोलल्याचे परिणाम घरात दिसतात.

फिलामिन-ए च्या गाठी बहुतेक मुलींमध्ये आढळतात, कारण हा दोष असलेले मुलगे बहुधा जन्माआधीच जातात. बुद्धी अनेकदा सर्वसाधारण असते, वाचनाचा वेग मात्र कमी असू शकतो आणि फीट किशोरवयात सुरू होतात. या निदानाबरोबर टूडी इको हवाच. महारोहिणी फुगण्याचा आणि हृदयाच्या झडपांचा धोका याच जनुकातून येतो, आणि मेंदूचा डॉक्टर हृदयाकडे पाठवायला विसरला तर पुढे भारी पडतं. जनुकचाचणी इथे खरी कामाला येते: मेंदूचा दोष बदलत नाही, पण हृदयाची काळजी वेळेवर घेता येते.

खडबडीत मेंदू दिसला तर आधी रक्तातलं सीके तपासावं. ही चाचणी कुठल्याही लॅबमध्ये होते. स्नायूंचं हे विकर खूप वाढलेलं असेल तर वॉकर-वॉरबर्ग किंवा फुकुयामा गटाचे जन्मजात स्नायू-मेंदूचे विकार समोर येतात, आणि डोळ्यांची तपासणीही करून घ्यावी. हे विकार, तसंच रीलिनचा, दोन्ही पालकांकडून एकेक सदोष प्रत आली तरच होतात. पुढच्या प्रत्येक गरोदरपणी धोका २५ टक्के. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक होते, तेव्हा फॉर्मवरचा ‘नात्यात लग्न?’ हा रकाना रिकामा सोडू नये. त्या एका शब्दाने विश्लेषणाची दिशा बदलते.

चाचणी कुठे फसवते? मोझेइक दोषात, म्हणजे दोष काही पेशींतच असतो तेव्हा. समजा शरीरातल्या दहातल्या एकाच पेशीत दोष आहे. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती, त्यातली एक बिघडलेली. म्हणजे १०० वेळा वाचलं तर सदोष अक्षर सरासरी ५ वेळाच दिसणार. साध्या एक्झोमचं सॉफ्टवेअर ते यंत्राची चूक समजून गाळतं. २०१४ साली १५८ रुग्णांच्या अभ्यासात निवडक जनुकं फार खोलवर वाचली, तेव्हा दोष सापडलेल्या २७ जणांपैकी ८ जणांत तो मोझेइक निघाला, आणि त्यातले ५ जनुक वाचण्याच्या जुन्या सँगर पद्धतीला दिसलेच नव्हते. तेव्हा मुलग्यात पट्टा दिसतोय आणि एक्झोम कोरा आला, तर ‘जनुकीय नाही’ असं समजू नये. जास्त खोलीचं पॅनेल मागवावं. दोष फक्त मेंदूतच असेल तर रक्तात तो सापडणारच नाही.

‘व्हीयूएस’ म्हणजे अर्थ न लागलेला बदल. त्यावर निर्णय घ्यायचा नसतो. आईवडिलांचं रक्त तपासून तो नव्याने आला की वारशाने, हे बघायचं असतं. म्हणून शक्य असेल तर तिघांचा नमुना पहिल्यांदाच द्यावा. नंतर जोडला की वेळ आणि पैसा दोन्ही दुप्पट. कच्चा डेटा, म्हणजे फास्टक्यू आणि व्हीसीएफ फाइल, लिहून मागून घ्याव्यात. दोन वर्षांनी त्याच डेटाचं नव्याने विश्लेषण केलं की कधीकधी उत्तर सापडतं, रक्त पुन्हा न काढता.

पोटातल्या बाळाबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. १८ ते २० आठवड्यांची ॲनॉमली सोनोग्राफी लिसेनसेफली सांगू शकत नाही. त्या वयात प्रत्येकच बाळाचा मेंदू जवळजवळ गुळगुळीत असतो. घड्या नंतर पडतात, आणि गर्भाचा एमआरआय या कामाला तिसऱ्या तिमाहीतच भरवशाचा होतो. गर्भपाताच्या कायद्याची २४ आठवड्यांची सीमा त्याआधीच येते. त्यापुढे २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे वैद्यकीय मंडळ ठरवतं. घरात आधीच्या मुलाचं जनुक माहीत असेल तर ही ओढाताण टळते, कारण ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या तुकड्यातून किंवा १६व्या आठवड्यापासून गर्भजलातून थेट तेच अक्षर तपासता येतं. म्हणूनच पहिल्या मुलाची चाचणी ‘आता काय उपयोग’ म्हणून टाळू नये. एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रं तपासणारी नेहमीची चाचणी, या जनुकांसाठी नसते.

‘गरोदरपणी दाताचा एक्स-रे काढला म्हणून झालं का?’ हा प्रश्न हमखास येतो. हिरोशिमा-नागासाकीच्या बाळांत ८ ते १५ आठवड्यांचा काळ मेंदूसाठी सर्वांत नाजूक ठरला हे खरं, पण ती अणुबाँबची मात्रा होती. दाताच्या एक्स-रेचा गर्भापर्यंत पोचणारा किरणोत्सार नगण्य असतो. दारू मात्र खरोखर पेशींची वाट चुकवते.

शेवटी, याच मुलांना विकली जाणारी तिसरी सेवा: स्टेम सेलची पॅकेजेस. आमचं गुणांकन शून्य. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मान्य आजार सोडून स्टेम सेल देणं फक्त परवानगी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच चालतं, आणि ट्रायलमध्ये रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. २००९ साली उंदरांच्या पिल्लांत जन्मानंतर डबलकॉर्टिन पुन्हा चालू केल्यावर पट्टा लहान झाला होता. पण तो प्रयोग जनुकाचा होता, कंबरेत टोचलेल्या पेशींचा नव्हे, आणि माणसापर्यंत तो आलेला नाही. त्या पॅकेजच्या पैशात गिळण्याचं प्रशिक्षण देणारा थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी येऊ शकतो. लिसेनसेफलीच्या मुलांना अन्न श्वासनलिकेत जाऊन वारंवार न्यूमोनिया होतो. भरवताना मूल आडवं नको, टेकवून बसतं हवं. पातळ वरणाऐवजी घट्टसर पेज द्यावी. आणि एक घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. वजन तरीही वाढत नसेल किंवा प्रत्येक घासाला ठसका लागत असेल, तर पोटात थेट नळी बसवण्याचा विचार पुढच्या न्यूमोनियाआधी करावा.